अर्थ पाठ आहे, वाक्य होत नाही

कवठे महांकाळच्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या दहावीच्या मुलाचे दप्तर उघडले, तर इंग्रजीच्या पुस्तकाबरोबर शब्दार्थांची एक वही हमखास निघते. पट्टीने रेघा मारून केलेले तीन रकाने: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. ‘अफोर्ड’पुढे ‘परवडणे’, ‘रिलक्टंट’पुढे ‘नाखूष’, ‘स्केअर्स’पुढे ‘दुर्मिळ’. वही नीटनेटकी असते, घोकलेली असते, आणि विचारले तर मुलगा अर्थ धडाधड सांगतो. मग त्याला म्हणावे, ‘अफोर्ड’ घालून एक वाक्य कर. तो जरा थांबतो आणि लिहितो, ‘धिस ट्रॅक्टर डज नॉट अफोर्ड मी.’

चूक कुठून आली हे उघड आहे. मराठीत ट्रॅक्टर आपल्याला परवडत नाही. वाक्याचा कर्ता ट्रॅक्टर, आणि माणूस नुसता ‘मला’ म्हणून बाजूला उभा. इंग्रजीत सगळे उलटे. अफोर्ड करतो तो माणूस, ट्रॅक्टर नव्हे. आणि हे क्रियापद बहुतेक वेळा ‘कॅन’ किंवा ‘कान्ट’चे बोट धरून येते: ‘वी कान्ट अफोर्ड अ ट्रॅक्टर.’ वहीतला ‘परवडणे’ हा अर्थ चुकीचा नव्हता. हा शब्द वाक्यात कसा उभा राहतो, हे मात्र त्या अर्थात नव्हते, आणि ते सांगायला तीन रकान्यांच्या वहीत जागाच नाही.

ती जागा कोशात असते. इंग्रजी शब्दाचा सोप्या इंग्रजीत अर्थ सांगणारी व्याख्या आणि तिच्या खाली तिरप्या अक्षरांत छापलेले एखादे-दुसरे उदाहरण, या दोन ओळींत ‘परवडणे’पेक्षा पुष्कळ माल असतो. तो काढायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय.

पालकांची आणि बऱ्याच शिक्षकांचीही पहिली हरकत ठरलेली असते. पोराला आधीच इंग्रजी येत नाही, त्यात अर्थही इंग्रजीत वाचायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात. ही हरकत जुन्या कोशांच्या बाबतीत अगदी खरी होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली काढलेल्या प्रसिद्ध कोशात ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीकाम या साध्या शब्दाची व्याख्या अशा जडजंबाल शब्दांत केली आहे, की ती कळायला आणखी तीन शब्द शोधावे लागतात. इंग्रजांनाही त्याचे हसू येत असे. तो कोश इंग्रजी येणाऱ्यांसाठी होता, शिकणाऱ्यांसाठी नव्हता.

शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश हवा हे ज्यांना सुचले, ते लंडनमध्ये बसलेले नव्हते. मायकल वेस्ट हा इंग्रज शिक्षक ढाक्याला, म्हणजे त्या वेळच्या बंगालात, शिक्षकांना शिकवत होता. बंगाली मुले इंग्रजी पुस्तक वाचताना कुठे अडखळतात हे तो रोज पाहत होता. त्याने एंडिकॉट या सहकाऱ्याबरोबर १९३५ साली एक कोश काढला. त्याची अट अशी, की २४,००० च्या आसपास नोंदींचा अर्थ फक्त १,४९० शब्द वापरून सांगायचा. तेवढे शब्द ज्याला येतात, त्याला अख्खा कोश वाचता आला पाहिजे. दुसरा माणूस ए. एस. हॉर्नबी. तो जपानात शिकवत होता. जपानी मुलाला शब्दाचा अर्थ कळतो, पण वाक्य जमत नाही, हे त्याने हेरले आणि प्रत्येक क्रियापद कुठल्या नमुन्याच्या वाक्यात बसते याची नोंद आपल्या कोशात केली. हा कोश पहिल्यांदा १९४२ साली टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला, आणि ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून आज दुकानात मिळतो तो याच घराण्यातला. पुढे १९७८ मध्ये लाँगमनने वेस्टची अट उचलली आणि सुमारे २,००० शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. १९८७ मध्ये कॉलिन्सच्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, म्हणजे शब्दाचा अर्थ आणि वापर दोन्ही एकाच ओळीत.

म्हणजे ज्या कोशांना आपण ‘साहेबाचा कोश’ म्हणून घाबरतो, त्यांची सुरुवात ढाक्याच्या आणि टोकियोच्या वर्गांत, दुसरी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी झाली. दोनेक हजार शब्द येत असले की ते वाचता येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत आलेल्या मुलाच्या डोळ्यांखालून त्या दोन हजारांतले बहुतेक शब्द गेलेले असतात. कमी पडतो तो सराव.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. ‘स्केअर्स’ हा शब्द घ्या. वहीत अर्थ ‘दुर्मिळ’. त्याच वहीत आठ पाने मागे ‘रेअर’ आहे, त्याचाही अर्थ ‘दुर्मिळ’. मुलाच्या लेखी दोन्ही एकच. कोश उघडला तर ‘स्केअर्स’च्या व्याख्येत एक गोष्ट लगेच दिसते: जे लोकांना हवे आहे, पण पुरेसे नाही, ते स्केअर्स. ‘रेअर’च्या व्याख्येत गरजेचा विषयच नाही. जे फारसे आढळत नाही, फारसे घडत नाही, ते रेअर. आता हे दोन्ही आपल्या मुलखात आणा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. ती गाडी पंढरपूर मार्गाने, म्हणजे आपल्या कवठे महांकाळ स्टेशनावरूनच गेली. लातूरला पाणी स्केअर्स होते. सोलापूरच्या नान्नजला माळढोक दिसला तर तो रेअर. माळढोक रोज कुणाला लागत नाही, म्हणून तो स्केअर्स नाही. आणि पाणी ही काही जगावेगळी वस्तू नाही, म्हणून ते रेअर नाही. ‘इन एप्रिल २०१६ वॉटर वॉज सो स्केअर्स इन लातूर दॅट इट केम बाय ट्रेन.’ हे एक वाक्य ज्याने स्वतः लिहिले, त्याची या दोन शब्दांत पुन्हा गल्लत होणे कठीण.

जाता जाता, बऱ्याच वह्यांत या शब्दाचा उच्चार ‘स्कार्स’ असा लिहिलेला असतो. स्पेलिंग पाहून केलेला तो अंदाज. कोशात उच्चाराची चिन्हे असतात, ती मुलांना शिकवायला शाळेत वेळ नसतो; पण मोबाइलवरच्या कोशात स्पीकरचे चित्र दाबले की शब्द ऐकू येतो. ऐकून मग देवनागरीत लिहावा.

व्याख्या वाचायचीही एक रीत आहे. नामाची व्याख्या बहुधा दोन पायऱ्यांनी जाते. आधी वस्तू कुठल्या जातीची ते, मग त्या जातीतल्या इतरांपेक्षा तिच्यात वेगळे काय ते. ‘रेझिन’ म्हणजे द्राक्ष, पण वाळवलेले. पहिली पायरी मुलांच्या लगेच लक्षात येते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. अर्थ मात्र दुसऱ्या पायरीवर असतो. क्रियापदांच्या बाबतीत तर हे फार जाणवते. ‘डिप’ आणि ‘सोक’ दोन्हींचा अर्थ वहीत ‘बुडवणे, भिजवणे’. व्याख्येची दुसरी पायरी वाचली तर ‘डिप’मध्ये घातले आणि काढले, एवढाच वेळ, ‘सोक’मध्ये पाणी आत मुरेपर्यंत ठेवून दिले. अग्रण धुळगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर सुट्टीत कामाला जाणाऱ्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचे आणि जाळीवर पसरायचे, हे डिप. आईने रात्री मटकी पाण्यात घालून ठेवली, हे सोक. ‘वी डिप द ग्रेप्स अँड स्प्रेड देम ऑन द नेट. मदर सोक्स द मटकी ओव्हरनाइट.’ शेडवर ‘डिपिंग’ हा शब्द तो रोज वापरतो. तो इंग्रजीच्या पेपरातही चालतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

आपल्या द्राक्षपट्ट्यात असे कितीतरी शब्द तयार पडलेले आहेत. ‘इंटर्व्हल’ म्हटले की मुलाला टॉकीजमधला समोसा आठवतो, आणि वहीत अर्थ असतो ‘मध्यंतर’. त्याच घरात औषधाच्या बाटलीवर ‘प्री-हार्वेस्ट इंटर्व्हल’ छापलेले असते आणि वडील त्याला ‘पीएचआय’ म्हणतात: शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस. ‘मध्यंतर’ हा अर्थ इथे लागू पडत नाही. कोशातली व्याख्या मात्र दोन्हीकडे चालते, कारण ती म्हणते, दोन घटनांच्या मधला काळ. सिनेमाचे दोन भाग या दोन घटना, किंवा फवारणी आणि काढणी या दोन. ‘रेसिड्यू’ही तसाच. द्राक्ष निर्यातीसाठी अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट नावाची नोंदणी व्यवस्था २००६ पासून आहे. तेव्हापासून बागेची नोंद, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल हे शब्द बागायतदाराच्या बोलण्यात आले आणि ‘रेसिड्यू’ तर लहान पोरांच्याही तोंडी बसला. आता कोशात त्याची व्याख्या बघा: मुख्य भाग निघून गेल्यावर जे मागे उरते ते. फवारलेले औषध गेले, अंश राहिला. चहा गेला, गाळ राहिला. व्याख्या समजून घ्यायला वेळच लागत नाही, कारण वस्तू आधीपासून ओळखीची आहे.

म्हणून माझे मत असे, की तालुक्याच्या मुलाने शब्दांची सुरुवात वर्तमानपत्रातल्या ‘वर्ड ऑफ द डे’पासून करू नये. घरातल्या बाटल्या, पोती, मोटरीवरची पाटी, बँकेचे पासबुक, एसटीचे आरक्षण, मोबाइलची सेटिंग इथले शब्द आधी घ्यावेत आणि ते कोशात उघडून पाहावेत.

व्याख्येइतकीच, किंबहुना जास्त, मोलाची गोष्ट म्हणजे उदाहरणाचे वाक्य. ते अर्थ पक्का करायला छापलेले असते असा समज आहे, आणि म्हणून अर्थ कळला की मुले ते वाचत नाहीत. खरे तर त्या वाक्यात शब्दाचे सोबती दिसतात. मराठीत आपण शपथ घेतो, उडी मारतो, शिक्षा भोगतो, नवस फेडतो. हे कुणी पाठ करून शिकलेले नाही. परक्याला मात्र ते सांगावे लागते. मोल्सवर्थ हा लष्करातला इंग्रज. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो उघडून पाहा. नामापुढे त्याच्याबरोबर कुठली मराठी क्रियापदे चालतात, हे त्याने जागोजागी नोंदवून ठेवले आहे. साहेबाला मराठी शिकताना ‘नवस’ म्हणजे काय एवढे कळून भागत नव्हते. नवस बोलतात आणि नवस फेडतात, हे कळावे लागत होते. आपल्याला इंग्रजी शिकताना नेमके तेच करायचे आहे, फक्त दिशा उलटी.

आपण परीक्षा देतो, म्हणून मुले ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहितात. कोशातल्या उदाहरणात ‘एक्झाम’च्या मागे ‘टेक’ असते. निर्णय आपण घेतो, पण ‘डिसिजन’ बहुतेक वेळा ‘मेक’ करतात. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘वी डिस्कस्ड अबाउट वॉटर’. इंग्रजीत तो ‘अबाउट’ लागत नाही, सरळ ‘वी डिस्कस्ड द वॉटर प्रॉब्लेम’. आपण म्हणतो मला समजावून सांगा, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’. तिथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’ हवे. आणि मराठीत कुणी दोन सल्ले दिले तर चालते, पण ‘टू अ‍ॅडव्हायसेस’ चालत नाही. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ यांचे अनेकवचन होत नाही, आणि हे सांगायला कोशात शब्दाच्या शेजारी एक बारीक अक्षर छापलेले असते. ते अनकाउंटेबलचे अक्षर. मुले त्याच्यावरून डोळे फिरवून पुढे जातात. कुठला धडा वर्गात घ्यायचा राहिला तरी चालेल, पण कोशाच्या सुरुवातीची खुणांची दोन पाने एका तासात सगळ्या वर्गाने मिळून वाचावीत.

आता वहीकडे वळू. तीन रकाने नकोत. एका शब्दाला अर्धे पान द्यायचे. ‘रिलक्टंट’चे पान असे दिसेल. वर शब्द, आणि जोर ‘लक्’वर आहे म्हणून त्याच्याखाली रेघ. त्याखाली व्याख्या, कोशातली जशीच्या तशी उतरवायची नाही, वाचून कोश मिटायचा आणि आपल्याला येईल तेवढ्या इंग्रजीत लिहायची: ‘नॉट हॅपी टू डू समथिंग, सो यू डू इट स्लोली ऑर डोन्ट डू इट.’ व्याकरणाने थोडी लंगडली तरी चालेल. मिटलेल्या कोशामुळे डोक्याला जे काम पडते, त्यासाठीच हा उद्योग. मग सोबती: ‘रिलक्टंट टू’ आणि पुढे क्रियापद. मग कोशातले एक उदाहरण. मग स्वतःचे वाक्य, आणि सगळ्यात शेवटी मराठी.

इथे सर्वात जास्त वेळ जातो तो स्वतःच्या वाक्याला, आणि तो जाऊ द्यावा. मुलगा आधी लिहितो, ‘माय फादर इज रिलक्टंट.’ वाक्य बरोबर, पण फुकटचे. ओळखायची युक्ती सोपी आहे. शब्दावर बोट ठेवा आणि शेजारच्याला विचारा, इथे कुठला शब्द असेल? ‘माय फादर इज’च्या पुढे काहीही बसते: हॅपी, अँग्री, अ फार्मर, टॉल. ज्या वाक्यात कुठलाही शब्द बसतो, ते वाक्य त्या शब्दाबद्दल काहीच सांगत नाही. आता हे पाहा: ‘फादर वॉज रिलक्टंट टू सेल द बफेलो, बट वी नीडेड मनी फॉर द बोअरवेल.’ बोट ठेवून विचारले तर शेजारचा कदाचित ‘रेडी’ म्हणेल, पण ‘बट’ वाचून लगेच मागे येईल. म्हैस विकायला मन घेत नाही आणि पैशाची नड आहे, हे दोन्ही वाक्यात आहे. म्हणून शब्दाला दुसरी जागा उरत नाही. असे वाक्य जमले की शब्द आला म्हणायचे. ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ यांपैकी एक शब्द वाक्यात घालायचाच, असा नियम केला तर वाक्ये आपोआप अशी होतात.

मराठी अर्थ शेवटी का, आणि मग हवा तरी का? काही इंग्रजी शाळांत मराठी शब्द उच्चारला तर दंड असतो. तो आचरटपणा आहे. मातृभाषेतला शब्द सगळ्यात लवकर आठवतो, तो फेकून देण्यात शहाणपण नाही. फक्त तो आधी लिहिला की पुढचे काही वाचायची इच्छा राहत नाही. आणि सगळे वाचून झाल्यावर लिहिला की तो जास्त नेमका सुचतो. वरचे पान भरल्यावर ‘रिलक्टंट’ला मुले ‘नाखूष’ लिहीत नाहीत. ‘मन घेत नसलेला’, ‘कचरणारा’ असे लिहितात, आणि गाइडपेक्षा ते सरस असते.

हे सगळे करायला एका शब्दाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. दिवसाला दोन, आठवड्याला दहा शब्द पुरे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ही गती हास्यास्पद वाटेल, कारण तिथे एका रात्रीत शंभर समानार्थी शब्द उरकायची पद्धत आहे. त्या यादीत ‘बिग’ आणि ‘लार्ज’ शेजारी-शेजारी असतात; पण थोरल्या भावाला कुणी ‘लार्ज ब्रदर’ म्हणत नाही, हे यादी सांगत नाही. शिवाय रात्रीत पाठ केलेले रात्रीतच जाते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि विसरण्याचा आलेख मांडला. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसाच्या आतच जाते, मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने अशी लांबवत न्यायची.

त्यासाठी सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये सुचवलेली खोक्याची पद्धत चांगली. घरात आलेल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूची कार्डे करा. एका बाजूला आपले वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. दुसऱ्या बाजूला शब्द. चपलेच्या खोक्यात पुठ्ठे लावून चार-पाच कप्पे पाडा. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते, नाही आठवला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, शेवटचा महिन्यातून एकदा. मोबाइलवर ‘अँकी’ नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो. पण मोबाइल हातात आला की पोरगा शब्दांवर थांबत नाही, हे प्रत्येक आईला माहीत आहे. खोके बरे.

शब्द निवडताना एक हिशेब लक्षात ठेवावा. साध्या इंग्रजी मजकुरातला सुमारे ८० टक्के भाग सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दोन हजार शब्दांनी बनलेला असतो. मायकल वेस्टने १९५३ साली अशा शब्दांची यादी केली होती. ऑक्सफर्डच्या कोशात आज तीन हजार महत्त्वाच्या शब्दांवर किल्लीचे चित्र असते. धड्यात अडलेला शब्द कोशात काढला आणि त्यावर किल्ली नसेल, तर नुसता अर्थ पाहून पुढे जावे, पान भरत बसू नये. किल्ली असेल तर तो शब्द पुन्हा भेटणारच. त्याचे पान भरावे.

जुन्या पिढीतले लोक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे नाव काढतात आणि आमचे इंग्रजी पाचवीपासून असूनही पक्के होते म्हणतात. त्यात थोडा जुन्या दिवसांचा गोडवा असेल. पण तर्खडकरांची मुले वाक्ये करत होती, आणि तीन रकान्यांची आताची मुले शब्द गोळा करतात. फरक पडला असेल तर तो तिथे पडला असावा.

शिक्षकांनी एक केले तर हे काम निम्म्याने हलके होईल. कृतिपत्रिकेसाठी घोकून घेण्याऐवजी आठवड्याला दहा शब्द सगळ्या वर्गाला सारखे द्यावेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य शब्दाच्या जागी रेघ मारून फळ्यावर लिहून घ्यावे. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. म्हैसाळच्या पाण्यावर, बेदाण्याच्या सौद्यावर, महांकालीच्या यात्रेवर वाक्ये आली तर वर्ग हसतो, आणि हसलेला वर्ग शब्द विसरत नाही.

कोश घेताना मिरज-सांगलीच्या दुकानात जावे लागले तरी जावे. मुखपृष्ठावर ‘लर्नर्स’ हा शब्द आहे का ते आधी पाहा. सुरुवातीला फारच जड वाटणार असेल तर ऑक्सफर्डचा इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश घ्या. त्यात व्याख्याही आहे आणि मराठीही, फक्त मराठीवर हात ठेवून आधी व्याख्या वाचायची. पुस्तकाला पैसे नसतील तर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन तिघांचेही कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आणि दुकानात पुस्तक हातात आले की आपल्याला चांगला माहीत असलेला एखादा शब्द काढून त्याची व्याख्या तिथेच उभ्या-उभ्या वाचा. ती कळली नाही, तर तो कोश कितीही जाड आणि स्वस्त असो, परत करा आणि दुसरा मागा.